‘उपजत बुद्धीने ब्रेक दाबला’ हे बरोबर आहे का?

एका अनुवादक मैत्रिणीने विचारलं आहे. तिच्याकडे आलेल्या लेखात ‘इन्स्टिंक्ट’ हा शब्द तीन वेळा येतो. समोर म्हैस आडवी येताच ड्रायव्हर ब्रेक दाबतो, तिथे एकदा. तपासण्यांचे रिपोर्ट येण्याआधीच एका अनुभवी नर्सला बाळाचं काहीतरी बिनसलंय हे कळतं, तिथे दुसऱ्यांदा. आणि नुकतं जन्मलेलं मूल दूध ओढू लागतं, तिथे तिसऱ्यांदा. तिने तिन्हीकडे ‘उपजत बुद्धीने’ लिहिलं. वाचताना तिचं तिलाच ते खटकलं, पण का खटकलं ते सांगता येईना.

खटकलं ते योग्यच. तीनपैकी एकाच ठिकाणी तो शब्द बसतो.

‘उपजणे’ म्हणजे जन्माला येणे. संस्कृतातल्या ‘उत्पद्’ धातूपासून प्राकृतातून तो आपल्याकडे आला. ज्ञानेश्वरीतलं ‘उपजे तें नाशे’ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ‘उपजत’ म्हणजे उपजतानाच सोबत आलेलं. बाळाच्या गालाला काही लागलं की ते तिकडे तोंड वळवतं आणि लुचू लागतं. (‘लुचणे’ हा किती नेमका शब्द आहे! नुसत्या ‘पिणे’मध्ये बाळाचं ते हिरड्यांनी धरून ओढणं येतच नाही.) तळहातावर बोट टेकवलं तर ते मुठीत घट्ट पकडतं, आणि ही पकड काही महिन्यांनी आपोआप जाते. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, तसंच हे. इथे ‘उपजत’ अगदी चपखल आहे. मात्र त्याला ‘बुद्धी’ जोडू नये, ‘उपजतच’ म्हणावं.

ब्रेक मात्र कोणी जन्मताना सोबत आणत नाही. गाडी शिकताना पहिले काही दिवस पाय चाचपडतो, चुकून ॲक्सिलरेटरवरही जातो. मग केव्हातरी ते अंगवळणी पडतं आणि त्यानंतर डोक्याला विचारावं लागत नाही. म्हणून त्या वाक्यात मी लिहीन, ‘त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला’. ‘नकळत’ही चालेल. ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ हा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द इथे टाळावा. चटका बसताच हात मागे येतो, त्यासाठी तो राखून ठेवलेला बरा.

मैत्रिणीने पर्याय म्हणून ‘सहजप्रवृत्ती’ सुचवला आहे. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तो रुळलेला आहे आणि व्युत्पत्तीनेही बरोबर आहे. सह-ज म्हणजे सोबत जन्मलेलं. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या ‘सहजं कर्म कौन्तेय’मध्ये हाच अर्थ आहे. पण बोलीत ‘सहज’ फार दूर गेला. ‘सहज जमलं’ म्हणजे सोपं गेलं, ‘सहज आलो होतो’ म्हणजे काही काम नव्हतं. त्यामुळे ‘सहजप्रवृत्तीने ब्रेक दाबला’ वाचताना वाचक क्षणभर अडखळतो. पाठ्यपुस्तकात हा शब्द ठेवावा, गोष्टीत नको.

आता नर्सचं वाक्य, माझ्या मते तिन्हींत सगळ्यांत अवघड. तिला कळलं ते जन्माने नाही आणि आपसूकही नाही. शेकडो बाळं पाहून तिची नजर तयार झाली आहे. मराठीत यासाठी केवढी संपत्ती आहे: हात बसतो, नजर बसते, कान तयार होतो, काम अंगात मुरतं. ‘इतक्या वर्षांच्या सवयीच्या नजरेला काहीतरी वेगळं जाणवलं’ असं लिहिलं की वाचकाला ती वर्षंही दिसतात. ‘उपजत’ म्हटलं की त्या बाईची सगळी मेहनत एका शब्दात पुसली जाते. हाच घोळ ‘बाळकडू’च्या बाबतीत होतो. घरातून लहानपणी मिळालेल्या शिकवणीला लोक उपजत म्हणतात. पण बाळकडू कोणीतरी पाजावं लागतं.

सुगरण पक्ष्यात तर दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. विणायची ओढ उपजत, पण नवख्या नराचं घरटं ओबडधोबड असतं आणि सरावाने वीण सुधारते. (हो, विणतो नर. आपण मात्र ‘सुगृहिणी’वरून आलेलं स्त्रीलिंगी नाव त्याला दिलं.)

शंका आली तर शब्दाच्या जोडीला कोणतं क्रियापद येतं ते पाहावं. उपजत गुण ‘असतो’. सवय ‘पडते’, हात ‘बसतो’. आणि एक शब्द असा आहे ज्याला आपण ‘राखणे’ लावतो: प्रसंगावधान. मैत्रिणीच्या लेखात तो कुठेच नाही. पण अडचणीतून वाट काढण्याबद्दल लिहायचं तर त्याच्याशिवाय भागणार नाही, म्हणून एक घटना सांगतो.

5 ऑगस्ट 1949. अमेरिकेत मोंटानामधल्या मान गल्च या घळीत वणवा विझवणारी तुकडी अडकली. वाळलेल्या गवतातून आग चढावर त्यांच्या मागे धावत होती. सगळे वर पळत सुटले. पळणं उपजत होतं. तुकडीचा म्होरक्या वॅग्नर डॉज थांबला, काडी ओढली आणि आपल्या पुढचंच गवत पेटवून दिलं. ते जळून गेल्यावर तो त्या राखेत पालथा पडून राहिला. मोठी आग त्याच्या भोवतीने निघून गेली, कारण तिथे जळायला काही उरलंच नव्हतं. त्याने बाकीच्यांना हाका मारल्या, पण कोणी आलं नाही. 16 जणांपैकी 13 गेले. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी सावकाश जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवतं; डॉजने ती काही क्षणांत काढली. आणि ही युक्ती त्याला कोणी शिकवलेली नव्हती.

याला उपजत म्हणता येत नाही, कारण जे उपजत होतं ते त्याने बाजूला ठेवलं. अंगवळणीही म्हणता येत नाही, कारण हे त्याने आधी कधी केलं नव्हतं. त्याला ते ‘सुचलं’. सुचण्यासाठी लक्ष जागेवर असावं लागतं, आणि अवधान म्हणजे लक्षच. घाटात ब्रेक निकामी झालेली एसटी डोंगराच्या बाजूला घासत थांबवणाऱ्या चालकाबद्दल आपली वर्तमानपत्रं ‘चालकाने प्रसंगावधान राखले’ असं लिहितात, ते याच अर्थाने. म्हैस आडवी आल्यावर ज्याने करकचून ब्रेक दाबला, त्याचा पाय आपसूक गेला. पावसात रस्ता निसरडा आहे हे ओळखून ज्याने ब्रेकवर गेलेला पाय हलका केला, त्याच्यासाठी ‘राखलं’ म्हणावं.