तेच तेच दाखवणारा टाइम लूपचा (तोच काळ पुन्हा पुन्हा घडतो असा) एपिसोड कंटाळा न येता बघवतो कसा? सुरुवात कुठून करू?

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या पाचव्या सीझनमधल्या ‘कॉज अँड इफेक्ट’पासून करा. मार्च १९९२चा आहे. मालिकेचं बाकी काही बघितलेलं नसलं तरी अडत नाही.

मी तो दुसऱ्यांदा बघितला सदाशिव पेठेत, आत्याकडे. गुरुवार होता, पाणी बंद, त्यामुळे तिची कामं अडलेली. लॅपटॉप लावला तर पहिल्याच मिनिटाला अख्खं अंतराळजहाज स्फोटात उडालं. ‘संपलं? एवढंच?’ म्हणाली. मग टायटल्स, आणि पुन्हा सगळे निवांत पोकर खेळत बसलेले.

आत्या रमीतली मुरलेली. दुसऱ्या फेरीला पत्ते वाटताना म्हणाली, ‘अरे, हे पान मगाशीच आलं होतं!’ पुढे पडद्यावरची माणसंही पान पडायच्या आधी ते ओळखू लागतात, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

तुमच्या ‘कसा बघवतो’चं उत्तर माझ्या मते इथेच आहे. बहुतेक लूपकथांत नायकाला सगळं आठवतं आणि तो मजा करून घेतो. इथे कुणालाच काही आठवत नाही. डॉ. क्रशरला रात्री खोलीत आवाज ऐकू येतात, कॅप्टनला हातातल्या पुस्तकाचं पान आधी वाचल्यासारखं वाटतं, बस. आठवण फक्त आपल्याकडे असते, म्हणून आपणच अस्वस्थ होतो. क्रशरच्या हातून दर वेळी काचेचा ग्लास फुटतो. एकदा ती तो आधीच बाजूला सरकवते, तरी फुटतोच! आत्याने तिथे नकळत आपला चहाचा कप आत ओढला.

दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स, म्हणजे मालिकेत रायकर या अधिकाऱ्याचं काम करणारा नटच. त्याने प्रत्येक फेरी नव्याने, वेगळ्या कोनांतून चित्रित केली. आधीचंच फुटेज पुन्हा चिकटवलेलं नाही. प्रसंग तोच, पण कॅमेरा दर वेळी जास्त जवळ आल्यासारखा वाटतो.

पुढचं बघितल्यावर वाचा. समोरून येणाऱ्या दुसऱ्या जहाजाशी टक्कर टाळायला रायकर एक उपाय सुचवतो, डेटा नावाचा यंत्रमानव अधिकारी दुसरा. कॅप्टन दर वेळी डेटाचं ऐकतो आणि जहाज फुटतं. डेटा पुढच्या फेरीतल्या स्वतःला निरोप धाडतो तो फक्त ‘तीन’ हा आकडा, आणि तो असतो रायकरच्या गळपट्टीवरच्या तीन बटणांचा. थोडक्यात, ‘माझं ऐकू नका, त्याचं ऐका.’ असं सांगणारा यंत्रमानव मला भारी आवडला.

सुटका झाल्यावर कळतं की आपल्या लोकांचे १७.४ दिवस गेलेत. समोरचं ‘बोझमन’ जहाज मात्र ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी बेपत्ता झालेलं, आणि त्याच्या कॅप्टनला वाटतंय, आपण तीनच आठवड्यांपूर्वी निघालो. एपिसोड तिथेच संपतो. आत्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘त्याच्या घरचे कुणी असतील का रे आता?’