'मेड इन जपान' पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी

डीप पर्पल या रॉक बँडचा हा लाइव्ह अल्बम घेतलास ना? मग थेट 'स्मोक ऑन द वॉटर'वर उडी मारू नकोस. ते गाणं कुठेही कानावर पडतंच. आधी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' लाव. उत्तरार्धात ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतो आणि गिलन तीच गळ्यातून परत करतो. चक्क सवाल-जवाब!

ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकात दोन आणि टोकियोच्या बुडोकानमध्ये एक, अशा तीन कार्यक्रमांतून ही सात गाणी निवडलीत. त्यातली चार 'मशीन हेड'मधली, म्हणून तो स्टुडिओ अल्बम आधी ऐकून ठेव. मंचावर गाणी किती फुलवलीत ते लगेच कळतं.

'हायवे स्टार'मध्ये जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन हेडफोन लावून ऐक. मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवल्यामुळे तो गिटारसारखा गुरगुरतो आणि नवख्यांची हमखास गल्लत होते.

'स्पेस ट्रकिन' वीसेक मिनिटांचं आहे, एलपीची अख्खी एक बाजू. कंटाळा आला तर खुशाल बंद कर. 'द म्यूल'मधला लांबलचक ड्रम सोलोही सुरुवातीला वगळलास तरी चालेल (इयन पेसचे भक्त मला फाडून खातील).