नवा गेमिंग पीसी पंधरा मिनिटांत का दमतो?

तुमचा प्रश्न असा: प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम, मशीन महिनाभराचं. खेळ सुरू केला की दहा-पंधरा मिनिटं झकास चालतो, मग १४० एफपीएसचे (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचे) ५०-६० होतात. दुकानवाला म्हणतो, कार्ड मोठं टाका.

भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. कार्ड कमी पडत असतं तर पहिल्या मिनिटापासून अडखळलं असतं. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लागली असती तरी तेच. (ही चूक भल्याभल्यांकडून होते, मागे वाकून एकदा बघाच.) रॅमची एकच स्टिक असली किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारा पर्याय, बंद राहिल्यामुळे ६००० वेगाची रॅम ४८०० वर चालत असली, तरी एफपीएस जातात, पण तेही सुरुवातीपासून. आधी बरं चालून मग ढेपाळतंय, म्हणजे माझा पहिला संशय उष्णतेवर. त्यात गाव नागपूर आणि महिना मे!

माझं मशीन मी हौसेनं सुताराकडून करून घेतलेल्या टेबलाच्या खणात ठेवलं होतं. मागे प्लाय, पुढे दार. गरम हवा मागून निघायची, प्लायवर आपटायची आणि फिरून पुढून आत. मग अक्कल लढवली, कॅबिनेट थेट खोलीतल्या वाळ्याच्या कूलरसमोर ठेवलं. आठवडाभरात काचेवर आणि फॅनच्या पात्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके. हे करू नका बाप्पा. वाळ्याच्या ताट्यांतून थंडावा येतो तसा ओलावाही येतो.

आज संध्याकाळी एवढं करा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालू ठेवून खेळा. पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला तीन आकडे लिहून घ्या: प्रोसेसरचं तापमान, त्याचा क्लॉक (म्हणजे वेग) आणि कार्डाचं तापमान. तुमच्या ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे टेकला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा क्लॉक बराच खाली आलेला दिसला, तर थ्रॉटल होतंय, म्हणजे उष्णतेमुळे वेग उतरतोय, हे पक्कं. मग कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच खेळ तेवढाच वेळ खेळा. एफपीएस टिकले तर दोष हवेच्या वाटेत आहे.

वाट तपासायला उदबत्ती लावा. पुढच्या फॅनजवळ धूर आत ओढला गेला पाहिजे, मागच्याजवळ बाहेर फेकला गेला पाहिजे. माझ्या मावसभावाच्या कॅबिनेटमध्ये पुढचे तिन्ही फॅन उलटे बसवलेले निघाले, सगळेच बाहेर फुंकत होते. फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढं लक्षात ठेवा.

आणि प्रोसेसर पंधरा मिनिटं न थांबता मिनिटा-दोन मिनिटांतच ९० पार करत असेल, तर प्रोसेसरवर बसवलेला कूलर उघडावा लागेल. नव्या कूलरच्या तळाला एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं, घाईत ते काढायचंच राहून जातं. त्याच मावसभावाच्या मशीनमध्ये आम्हाला तेही सापडलं, वरून उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट व्यवस्थित फासलेली! पेस्टची ट्यूब आधी आणून ठेवा, जुनी पुसून नवी लावावीच लागते. कूलर ओढताना सरळ उपटू नका, थोडं खेळून गरम झाल्यावर मशीन बंद करा, प्लग काढा आणि हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

तुमच्याकडेही प्लास्टिक निघालं, तर पुसण्याआधी फोटो काढा आणि बिल घेऊन दुकानात जा. मोठं कार्ड सांगणाऱ्यालाच तो फोटो दाखवा.