'रिअसॉर्टमेंट'ला उत्परिवर्तन म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: लहान मुलांच्या जुलाबांवरच्या लेखात 'रोटाव्हायरसमध्ये रिअसॉर्टमेंट होते' असे वाक्य आहे. तिथे 'उत्परिवर्तन होते' लिहिले तर चालेल का?

नाही चालणार. उत्परिवर्तन म्हणजे म्युटेशन: आरएनएची (विषाणूची जनुके ज्यात लिहिलेली असतात त्या धाग्याची) नक्कल होताना एखादे अक्षर चुकते, ते. रोटाव्हायरसमध्ये तेही सतत घडते, पण इथे सांगायचे आहे ते निराळे. या विषाणूचा जनुकसंच 11 सुट्या खंडांचा असतो. आतड्यातल्या एकाच पेशीत दोन वाण शिरले, की नवे विषाणू बांधले जाताना काही खंड याचे, काही त्याचे येतात. जी1पी[8] आणि जी2पी[4] हे वाण एकत्र आले तर जी1पी[4] निपजू शकतो. (जी आणि पी ही बाहेरच्या दोन प्रथिनांची ओळख. त्यांचे खंड वेगळे, म्हणून तर त्यांची फारकत होते.) 11 खंडांपैकी प्रत्येक याचा किंवा त्याचा, या हिशेबाने 2048 जुळण्या शक्य आहेत, टिकतात मोजक्याच, कारण एका वाणाची प्रथिने दुसऱ्याच्या प्रथिनांशी जुळतीलच असे नाही.

याला 'खंडांची सरमिसळ' म्हणावे असे मला ठामपणे वाटते. 'अदलाबदल'मध्ये एकाचे गेले, दुसऱ्याला मिळाले असा भाव येतो. इथे मूळ खंडांच्या नकला वाटल्या जातात, कुणाचे काही जात नाही. 'मिश्रण' म्हटले की विरघळणे डोळ्यांपुढे येते. ज्वारीत गहू मिसळला तरी दाणा शाबूत राहतो, ती सरमिसळ. खंडही तसाच अख्खा येतो.

'पुनःसंयोजन' हा शब्द मात्र इथे खर्चू नका, तो रिकॉम्बिनेशनसाठी लागतो. मुलांना जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसचा आरएनए एकच सलग धागा असतो, त्यामुळे त्यात सरमिसळ होऊच शकत नाही. तिथे नक्कल करणारे विकर मध्येच एका धाग्यावरून दुसऱ्यावर जाते आणि नवा धागा दोघांचे तुकडे जोडून बनतो.

रोटाव्हायरसवरच्या रोटाव्हॅक लशीतला 116ई वाण दिल्लीतल्या नवजात बाळांमध्ये सापडला. तो जी9पी[11] आहे: मूळ माणसातला, पण पी खंड गाईगुरांतल्या विषाणूकडून आलेला, तोही निसर्गतःच. त्याला 'उत्परिवर्तित वाण' लिहिले, तर हा गाईगुरांकडचा खंड वाचकाला कळतच नाही. 'सरमिसळीतून आलेला वाण' लिहा.

आणि 'उत्क्रांती' यांतल्या कुठल्याही एका घटनेला म्हणू नये. असे बदल होऊन त्यांतले काही वाण पिढ्यान्‌पिढ्या पसरतात, बाकीचे मागे पडतात, ती उत्क्रांती.