विचारा की! : काचेच्या इमारतींत बघायचं काय?

प्रश्न : आम्ही दोघंही शिक्षक. मुलं मार्गी लागली, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत टूरवाल्याच्या नादी न लागता, पाठीवर सॅक टाकून सिंगापूरला जायचं मनात आहे. सासरे म्हणतात, "काचेच्या इमारतीच बघायच्या तर हिंजवडीला जा की!" तुम्ही नवरा-बायको असेच जाऊन आलात ना? पहिल्यांदा काय वाटलं? आणि खिशाला झेपतं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. इमारती पहिल्या संध्याकाळी भारी वाटतात, दुसऱ्या दिवशी नजरेला सवय होते. माझ्या डोक्यात राहिलं ते पाणी. आपण पडलो सोलापूरचे, दुसरं काय राहणार?

चांगी विमानतळाला लागूनच 'ज्वेल' नावाची इमारत आहे. तिच्या छतातून ४० मीटर उंचीचा धबधबा कोसळतो, तोही साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. बघायला पैसे नाहीत. सॅक पायाशी टाकून आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. ह्यांचा पहिला प्रश्न, "हे वाया जात नाही ना?" रात्री लिटल इंडियातल्या हॉस्टेलवर पोचलो, तर ह्यांनी झोपायच्या आधी हाताला लागतील त्या सगळ्या बाटल्या नळाखाली भरून ओळीनं मांडल्या. म्हटलं, "अहो, इथं नळ चोवीस तास असतो, पाणीही थेट प्यायचं असतं." तर म्हणाले, "असू दे. गेलं तर?" उजनी भरली तरी ज्याच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या माणसाला हे समजावणं अवघड.

सासऱ्यांना सांगा, त्या बेटाला स्वतःचं पाणी पुरत नाही. १९६२च्या करारानं मलेशियातल्या जोहोरहून पाणी येतं, त्याची मुदत २०६१पर्यंत. म्हणून ते पावसाचं पाणी अडवतात, समुद्राचं गोडं करतात आणि सांडपाणीसुद्धा शुद्ध करून पुन्हा वापरात आणतात. फोटोत दिसते ना ती तीन मनोऱ्यांवर जहाज ठेवल्यासारखी इमारत? तिच्यासमोरचं पाणी समुद्राचं वाटतं, पण तो गोड्या पाण्याचा साठा आहे. २००८मध्ये खाडीच्या तोंडावर मरीना बराज हा बंधारा घातला आणि ऐन शहरात तलाव तयार झाला. बराजच्या छतावर हिरवळ आहे, तिथं संध्याकाळी लोक पतंग उडवतात. तिथंच बसा. काचेचं सगळं शहर समोर दिसतं, तिकीट नाही, वारा मस्त. आम्हाला तिथून उठवेना.

आता खिशाचं. एक सिंगापूर डॉलर ७० रुपयांच्या आसपास धरा आणि प्रत्येक गोष्टीला गुणाकार करत बसू नका, नाहीतर चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही. राहणं महाग, ते आधी बुक करा. हॉस्टेलात दोघांना मिळून झोपायला एक रुंद कप्पाही मिळतो. जेवायला हॉकर सेंटर गाठा. एका छपराखाली पन्नास प्रकारचे गाळे, पाच-सहा डॉलरात पोट भरतं. शाकाहारी असाल तर टेक्का सेंटरमध्ये डोसा आहेच. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट दिसलं तर बसू नका, ती जागा धरलेली असते. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तोच कायदा! जेवल्यावर ट्रे आपणच परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. मेट्रोत घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, पाटीवर खाण्यापिण्याचा दंड ५०० डॉलर लिहिलाय. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घेतले की तेच दारावर टेकवून मेट्रो-बस दोन्ही चालतात.

भाषेची धास्ती घेऊ नका. इंग्रजी, चिनी, मलय, तमिळ अशा चार सरकारी भाषा तिथं पाट्यांवर दिसतात. ज्यानं सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड आणि घरी मराठी ऐकलीय, त्याला ते परकं वाटत नाही. दिवाळीत सेरंगून रोडवर रोषणाई असते, ती चुकवू नका.

उन्हाचं मात्र ऐका. आपल्याकडं पारा ४२ला जातो, तिथं ३२लाच जीव नकोसा होतो, कारण घाम वाळतच नाही. आपला जाडजूड सोलापुरी टॉवेल नेऊ नका, दोन-दोन दिवस ओला राहतो. पंचा घ्या. दिवाळीच्या सुमारास दुपारी पाऊस झोडपतो, तेव्हा छत्रीही हवी.

मधला एखादा दिवस सरकारी घरांच्या वस्तीत घालवा. दहातले जवळपास आठ रहिवासी अशाच इमारतींत राहतात. खिडक्यांतून काठ्या बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घातलेले दिसतील. तळमजला बहुतेक मोकळा असतो, म्हातारी माणसं तिथं गप्पा मारत बसतात. सासऱ्यांना हा फोटो पाठवा.

प्रश्न : सिंगापूरला व्हिसा लागतो का?
— वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : लागतो. अधिकृत एजंटामार्फत अर्ज करायचा. शिवाय पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर तिथंच बंद करा.