रूट कॅनाल: हाताने की मशीनने?

प्रश्न: दाढेच्या रूट कॅनालला ‘मशीनने’ जास्त पैसे सांगतात. सफाई खरंच चांगली होते का?

उत्तर: वेळ नक्की वाचतो. हातातली स्टीलची फाइल (मुळातली नळी घासायची सुईसारखी बारीक कानस) जाड नंबरात ताठ होते आणि वाकड्या मुळात सरळ जायला बघते. त्यात नळीच्या भिंतीत पायरी पडते, मग पुढची वाट सापडत नाही. मशीनवरची निकेल-टायटॅनियमची फाइल वळणासोबत वाकते. मिनिटाला साधारण ३०० फेऱ्यांच्या वेगाने फिरते, हलक्या हाताने चालवायची. तिचा दोष एकच, पण मोठा: स्टीलचे पीळ आधी उलगडलेले दिसतात, ही मात्र बरेचदा न सांगता तुटते. म्हणून आधी १० नंबरची (टोक ०.१० मिमी) हातफाइल मुळाच्या टोकापर्यंत नेऊन वाट मोकळी करतात. मशीन आलं तरी ती सुटत नाही.

खरी सफाई मात्र धुण्यात. नळी क्वचितच गोल असते; कोपऱ्यांत कोणतीच फाइल पोहोचत नाही. तिथे ३ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारा द्रव) लागतं, शेवटी मिनिटभर १७ टक्के ईडीटीए (घासताना भिंतीवर बसलेला थर काढणारा द्रव). द्रव सोडायची सुई नळीत सैल हवी. अडकवून जोर दिला तर द्रव मुळाबाहेर जातो, गाल सुजतो. मशीनपेक्षा ‘रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावता का?’ हे आधी विचारा.