श्निट्झेलला वासराचंच मांस का?

प्रश्न : माझी मुलगी व्हिएन्नात शिकते. तिथल्या ‘वीनर श्निट्झेल’ला (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ काप) वासराचंच मांस का लागतं? ऑस्ट्रियाचा सेनापती राडेट्स्कीने ही पाककृती इटलीतल्या मिलानहून आणली, हे खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : राडेट्स्कीची गोष्ट मी व्हिएन्नातल्या हॉटेलात काम करताना खूपदा ऐकली, पण तिला पुरावा नाही. मिलानची कोतोलेत्ता, म्हणजे तिथला तसाच तळलेला वासराचा काप, जाड, हाडासकट. श्निट्झेल बिनहाडाचं, कुटून जेमतेम ४ मिलिमीटर केलेलं. मैदा, अंडं, मग पावाचा चुरा. चुरा दाबायचा मात्र नाही. भरपूर तुपात (हो, लोणी कढवून केलेल्या तुपातच!) सोडून पॅन सतत हलवायचा. मग आवरण मांसापासून सुटतं आणि लाटांसारखं फुगतं.

वासराचं कारण दूध. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही आणि दुधाच्या धंद्यात गोऱ्ह्यांचा उपयोग नाही, म्हणून युरोपात ते लहानपणीच कापले जात. दुधावरच्या वासराचं मांस फिकट, मऊ आणि महाग. आजही ऑस्ट्रियात नुसतं ‘वीनर श्निट्झेल’ लिहिलं, तर ते वासराचंच असावं लागतं. डुकराचं असेल तर तसं लिहावं लागतं.

मांस पांढरं राहावं म्हणून वासरांना कमी लोहाचं खाद्य देत, अरुंद खोक्यांत डांबत. हा मला निव्वळ क्रूरपणा वाटतो. ब्रिटनने ती खोकी १९९० मध्ये बंद केली, युरोपीय संघात बंदी पूर्णपणे लागू व्हायला २००७ उजाडलं. मुलीला सांगा, वासरू कसं वाढवलं हे खाटकाला जरूर विचार.